हातचं आणि पळतं

"ताई, मी २६ वर्षांची. आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी मी पहिलीच. आजीचं आयुष्य सरकारी मदतीवर गेलं, आईचंही तसंच चाललंय. मदत जमा होण्याची तारीख आमच्याकडे वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ असते. दोन वर्षं मी कंत्राटी नोकरी केली, आता तिथेच वरची, कायम जागा देताहेत. पण तो पगार धरला की घराचं उत्पन्न मर्यादेबाहेर जातं. मग आईची मदत बंद, घरभाड्यातली सवलत बंद, धाकट्या भावाची फीमाफीही बंद. आई म्हणते, नाही म्हणून सांग, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. त्याच आठवड्यात ऑफिसात एकजण म्हणाला, असल्या लोकांना काम नकोच असतं, बसून मिळतंय ना! मी गप्प बसले आणि तो राग घरी आईवर काढला. 'जन्मभर भिकाऱ्यासारखंच राहायचं का आपण?' असं बोलून गेले. चार दिवस ती माझ्याशी बोललेली नाही. पगार वाढणार हे कळल्यापासून दोन्ही काका उसने मागून गेलेत. आईच्या हातात पैसा टिकत नाही, आला की संपवते. कधी कधी वाटतं, सरळ वेगळं राहावं. काय करू?"

आधी त्या चार दिवसांचं बघू. नोकरीचा निर्णय पुढच्या आठवड्यात घेतलास तरी चालेल, पण आईची माफी आज माग. मागताना "पण माझंही चुकलं नव्हतं" असं शेपूट लावू नकोस. ऑफिसातल्या त्या माणसाला जे सुनवायला हवं होतं ते तू आईला सुनावलंस. असं बहुतेकांच्या हातून होतं. परक्यापुढे तोंड उघडत नाही, घरचं माणूस मात्र हाताशी असतं.

आणि माफी मागताना हेही ध्यानात ठेव, की तुझ्या आईने हिशेब केलाय. "नाही म्हण" हे तिचं भित्रेपण किंवा आळस समजू नकोस. तुझ्या पत्रातल्या तीन "बंद" तिने तुझ्याआधी मोजल्या आहेत, आणि पगारातली वाढ त्या तिन्हींना पुरेल का, हा तिचा प्रश्न आहे. तुझ्या पत्रात त्याचं उत्तर नाही. तू वाढणाऱ्या पगाराबद्दल लिहिलंस, ऑफिसातला अपमान लिहिलास, पण आकडा एकही लिहिला नाहीस. माझा अंदाज असा, की या घरात पैशाचा हिशेब तुझ्यापेक्षा तुझ्या आईला जास्त येतो.

मदतीच्या योजना दोन तऱ्हेच्या असतात. काहींना उतार असतो आणि काहींना कडा. उतार म्हणजे कमाई वाढेल तशी मदत हळूहळू कमी होते. ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या गरीब माणसाची एकत्रित मदत ठरावीक कमाईनंतर प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्सने कापली जाते. २०२१च्या अखेरीपर्यंत हीच कपात ६३ पेन्सची होती. म्हणजे जास्त काम करून मिळवलेल्या शंभरातले ४५ हातात राहतात. फार नाहीत, पण राहतात तरी. कड्याचं तसं नाही. मर्यादेच्या अलीकडे सगळं मिळतं, पलीकडे काहीच नाही. एका रुपयाने मर्यादा ओलांडली तरी पूर्ण मदत जाते. तुमच्या तीन सवलती एकाच मर्यादेवर टांगलेल्या दिसतात, म्हणजे तीन कडे एकावर एक. तिथून उडी मार म्हणणाऱ्या मुलीला आईने आधी खाली काय आहे ते विचारलं, तर त्यात तिचं काय चुकलं?

आईच्या हातात पैसा टिकत नाही म्हणतेस, त्यावरही जरा थांब. अमेरिकेत गरीब वृद्धांना आणि अपंगांना मिळणाऱ्या एका मदतीची अट अशी आहे, की एकट्या माणसाजवळ राहतं घर आणि एक गाडी सोडून २,००० डॉलरपेक्षा जास्त पुंजी असता कामा नये. हा आकडा १९८९पासून बदललेला नाही. तिथे चार पैसे साठवणाऱ्याची मदत थांबते आणि आलेलं संपवून मोकळा होणाऱ्याची चालू राहते. तुमच्या योजनेत अशी अट आहे की नाही ते तुला शोधावं लागेल. पण आजीच्या वेळी असली, तर "शिल्लक दिसू द्यायची नाही" ही रीत घरात मुरली असेल. नियम बदलतात, पण त्यांनी लावलेली सवय घरातच राहते.

ही सवय मला माहीत आहे. माझं बरंचसं शिक्षण फीमाफीवर झालं. दरवर्षी एका खिडकीसमोर उभं राहून आपण अजून गरीबच आहोत हे सिद्ध करायचं. एका वर्षी मामाने घड्याळ घेऊन दिलं होतं. अर्ज द्यायला निघताना आईने ते काढून ठेवायला लावलं. खिडकीवरच्या कारकुनाने माझ्याकडे मान वर करून पाहिलंही नाही, पण मी पुढे कित्येक वर्षं, नोकरी लागल्यावरसुद्धा, साहेबांसमोर जाताना मनगट बाहीत ओढून घ्यायचे. मदत घेतल्याने मी आळशी झाले नाही. मी बरं चाललेलं लपवायला शिकले. परावलंबन म्हणतात ते असलंच तर मला ते इथे दिसतं. दरवर्षी "आमचं काही सुधारलं नाही" असं लिहून द्यावं लागणारं माणूस सुधारणेला हळूहळू घाबरू लागतं.

म्हणून परावलंबन नसतंच, असं मी तुला सांगणार नाही. असतं. कागदाची भीती, कुणाच्या तरी परवानगीवाचून पाऊल न उचलण्याची खोड, "आपल्याला काय जमणार" हे आधीच म्हणून टाकणं, हे मी जवळून पाहिलंय. पण "बसून मिळतं म्हणून काम करत नाहीत" हे जे तुझा सहकारी म्हणाला, ते तपासलं गेलं आहे. विकसनशील देशांतल्या रोख मदतीच्या योजनांवर झालेल्या सात प्रयोगांचे आकडे एकत्र करून काही अर्थतज्ज्ञांनी २०१७मध्ये मांडले. अभिजित बॅनर्जी त्यांतले एक. होंडुरास, इंडोनेशिया, मोरोक्को, मेक्सिको, निकाराग्वा आणि फिलिपिन्स असे सहा देश होते. मदत मिळू लागल्यावर लोकांनी काम कमी केलं, असा ठोस पुरावा त्यात सापडला नाही. हा संशय तसा फार जुना आहे. इंग्लंडने १८३४मध्ये कायदाच केला, की मदत हवी असेल तर धडधाकट माणसाने श्रमगृहात जाऊन राहावं आणि तिथलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असावं. नवरा-बायकोला तिथे वेगवेगळं ठेवत. मदतीची लाज वाटली की लोक आपोआप कामाला लागतील, हा त्यामागचा विचार. तुझा सहकारी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं बोलतोय आणि त्याला ते स्वतःचं वाटतंय. त्याला उत्तर द्यायला तू बांधील नाहीस. द्यावंसं वाटलंच, तर "मी अशाच घरातली आहे" एवढं म्हण आणि आपल्या कामाला लाग.

आता नोकरीकडे येते. माझा कौल विचारशील तर जागा घे, असाच आहे. पण उद्या सकाळी जाऊन होकार देऊ नकोस. आधी काही गोष्टी लेखी माहीत करून घे. मर्यादा एकेका माणसाच्या उत्पन्नावर आहे की एका छताखालच्या सगळ्यांच्या? पगार धरताना कापाकापीच्या आधीचा धरतात की हातात येणारा? मर्यादा ओलांडल्या महिन्यापासून मदत थांबते, की पुढच्या फेरतपासणीपर्यंत चालते? भावाची फीमाफी वर्षाच्या मध्येच काढून घेतात, की चालू वर्ष पुरं होऊ देतात? आणि या सगळ्यांपेक्षा मोठा प्रश्न, जो विचारायचं बहुतेकांना सुचत नाही: उद्या नोकरी गेली तर या मदतीत परत येता येतं का, आणि यायला किती महिने लागतात? परतीची वाट दोन महिन्यांची असेल तर हा निर्णय एका तऱ्हेचा आहे. दोन वर्षांची असेल, किंवा पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागणार असेल, तर अगदी वेगळा. आईची भीती बहुधा इथे आहे. तिने कधी काळी कुणाला तरी बाहेर पडलेलं आणि परत आत येऊ न शकलेलं पाहिलं असेल. विचार तिला.

उत्तरं मिळाली की आकडे मांड, पण फक्त पहिल्या महिन्याचे मांडू नकोस. पहिल्या महिन्यात कदाचित तोटाच दिसेल आणि आई म्हणेल, बघ, मी सांगत होते. तीन वर्षांचे मांड. मदत जिथल्या तिथे असते, महागाईने उलट आतून झिजत जाते. कायम जागेचा पगार वाढतो, आणि अनुभव तुझ्या नावावर जमा होतो, जो पुढची नोकरी मागताना कुणाला काढून घेता येत नाही. माझा कौल होकाराकडे झुकतो तो यामुळे. पण पहिल्या वर्षीचा खड्डा कसा भरायचा हे ठरल्याखेरीज होकार देणं म्हणजे तुझ्या पुढच्या वाढीची किंमत आईने आणि भावाने आत्ता मोजणं.

हे मनाच्या समजुतीसाठी सांगत नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. घरातल्या बाईला गाय किंवा शेळ्यांसारखं कमाईचं साधन द्यायचं, ते सांभाळायला शिकवायचं, बचत करायला लावायचं, नियमित घरी जाऊन विचारपूस करायची, आणि ते साधन कमाई देऊ लागेपर्यंत घर चालावं म्हणून काही काळ रोख भत्ताही द्यायचा. मला त्यातलं हे शेवटचं फार शहाणपणाचं वाटतं. नवा आधार उभा राहण्याआधी जुना काढला नाही. याच धर्तीवर भारतासह सहा देशांतल्या १०,००० हून जास्त कुटुंबांवर झालेला अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. मदत थांबून एक वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी ती कुटुंबं आधीपेक्षा बऱ्या स्थितीत होती. होंडुरासमध्ये मात्र फायदा टिकला नाही. तिथे बऱ्याच घरांनी कोंबड्या घेतल्या होत्या आणि त्या रोगाने मेल्या. मेहनत तिथल्या बायकांनीही केलीच होती की!

बांगलादेशातल्या त्याच कार्यक्रमाच्या २३,००० घरांची माहिती अकरा वर्षं गोळा करून काही संशोधकांनी २०२२मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. मिळालेल्या साधनाने जी घरं एका ठरावीक पातळीच्या वर गेली, ती पुढे स्वतःच्या बळावर चढत राहिली. जी त्या पातळीच्या जरा खाली राहिली, ती घसरत पुन्हा जुन्या जागी आली. माणसं सारखीच होती, फरक पडला तो सुरुवातीला हाताशी काय होतं त्याचा. तुझ्या बाबतीत ही पातळी कोणती ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण ओळखायची एक साधी खूण सांगते. घरातलं एक मोठं आजारपण किंवा तीन महिने बिनपगारी निघाले, तर तुम्ही कर्ज न काढता उभे राहाल का? उत्तर "नाही" असेल तर नवी जागा घेतल्यावर पहिला वाढीव पैसा कशासाठी आहे ते ठरलं. टीव्हीसाठी नाही, काकांसाठी नाही, भावाच्या फोनसाठीही नाही. तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत तुमचं राहणं आहे तसंच राहील. नेमणूक महिना-दोन महिने पुढे ढकलून मिळते का तेही विचार. चालू वर्षाची फीमाफी तेवढ्यात पदरात पडत असेल तर वाया का घालवायची? पण एक नीट ऐक, उत्पन्न लपवायचं नाही. उशिरा रुजू होणं वेगळं आणि खोटं लिहून देणं वेगळं. पकडलं गेल्यावर वसुली आईच्या नावावर निघते.

निर्णय कधी घेतेस यालाही महत्त्व आहे. मदतीची तारीख यायच्या आधीच्या आठवड्यात, घरात ओढाताण असताना, अजिबात घेऊ नकोस. तमिळनाडूतल्या ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांना एकाच तऱ्हेच्या डोकं चालवायच्या चाचण्या दोनदा दिल्या होत्या, एकदा तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर. तेच शेतकरी पैसे आल्यावर जास्त चांगले ठरले. हा अभ्यास २०१३मध्ये छापून आला. टंचाई डोक्यातली जागा खाते. तेव्हा पैसे आल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत बसा.

काकांचं थोडक्यात सांगते. ते लोभी असतीलच असं नाही, पडत्या काळात त्यांनीही तुमचं काही केलं असेल. गरीब घरांत नातेवाईक हाच विमा असतो आणि त्याचे हप्ते भरावेच लागतात. पण हप्ता किती हे ठरवता येतं. कॅमेरूनमधल्या काही पतसंस्थांत संशोधकांना दिसलं, की लोक स्वतःची पुरेशी बचत तिथेच असतानाही कर्ज काढतात. कारण काय, तर कर्जबाजारी माणसाकडे नातलग मागायला येत नाहीत! म्हणजे यातून फक्त तूच जात नाहीस. एवढ्या लांब जायची तुला गरज नाही. वर्षाला किती देणार तो आकडा मनाशी ठरव, तेवढा वेगळ्या खात्यात टाक, आणि दिलास तर उसने म्हणून देऊ नकोस, दिले म्हणूनच दे. आकडा संपला की "या वर्षीचं संपलं" म्हण. कारण सांगत बसू नकोस, कारणावर वाद घालता येतो. आणि कुणालाही जामीन राहू नकोस, सख्ख्या काकालाही नाही.

वेगळं राहण्याचा विचार रागातून आला असेल तर सध्या सोडून दे. पण हिशेबातून आला असेल तर त्यात पाप नाही. उत्पन्न एका छताखालचं धरत असतील आणि तू खरोखर वेगळी राहून, वेगळा खर्च करून, दर महिन्याला आईला थोडे पाठवू शकत असशील, तर कदाचित तिची मदत आणि भावाची फीमाफी दोन्ही वाचतील. मात्र तू पाठवलेले पैसेही उत्पन्नात धरतात का, ते त्याच खिडकीवर विचार. आणि भाडं, जाणं-येणं, दोन चुली हे सगळं धरून बघ, बऱ्याचदा वाचलेली मदत त्यातच जाते. केलंस तर आईला आकडे दाखवून कर. दार आपटून गेलीस तर तेच पाऊल तिला भलतंच वाटेल.

राहिला भाऊ. त्याच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, मला मात्र या पत्रात त्याचीच जास्त काळजी वाटते. घरात पैसा कमी पडला की पहिला डोळा धाकट्याच्या शिक्षणावर जातो: एक वर्ष थांब, काहीतरी काम बघ, मग पुन्हा शिक. ते "मग" फार थोड्यांच्या आयुष्यात येतं. श्रीमंत देशांची जी ओईसीडी नावाची संघटना आहे, तिने २०१८मध्ये अंदाज मांडला होता, की सर्वांत खालच्या थरातल्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला तिच्या सदस्य देशांत सरासरी साडेचार पिढ्या लागतील. डेन्मार्कमध्ये दोन, भारतात सात, कोलंबियात अकरा. तुझ्या घराची तू तिसरी पिढी. सगळं अंतर एकटीने, एका बढतीत कापायचं, असं तुला कुणी सांगितलं? ते तुझ्याने होणार नाही आणि झालं नाही म्हणून तू हरलीस असंही नाही. तीन वर्षांच्या तुझ्या हिशेबात भावाची पूर्ण फी सगळ्यांत आधी लिही आणि ती धरून बाकीचं बसतं का ते पाहा. बसत नसेल तर या वर्षी जागा नाकारलीस तरी मी तुला भित्री म्हणणार नाही. फक्त मग पुढच्या वर्षी तीच किंवा तशी जागा मिळायला काय करावं लागेल, हे वरिष्ठांना आत्ताच विचारून ठेव.

आणि खिडकीवर चौकशीला जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस, आईला सोबत ने. कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो, कुठल्या वारी कोण भेटतं, कुणापुढे किती बोलायचं, हे सगळं तिला पाठ आहे. परत येता येतं का, हा प्रश्न तिलाच विचारू दे.